शेजारणीसाठी विणलेली टोपी

नागपूरहून निघताना आईनं माझ्या बॅगेत दोन स्वेटर, लोकरीचे गुंडे आणि विणायच्या सुया कोंबल्या. अमेरिका म्हणजे थंडी, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. स्टेशनवर बाबा पुन्हा पुन्हा बॅगांची कुलपं ओढून पाहत होते, दादा हमालाशी हुज्जत घालत होता, आणि आई रडायचं नाही असं ठरवून आलेली, म्हणून माझ्यावर ओरडत होती. २००१ साल होतं. नवऱ्याच्या, मिलिंदच्या व्हिसावर मी टेक्सासमधल्या शुगर लँडला येऊन पोचले. बाहेर नागपूरच्या मे महिन्यासारखं तापलेलं, वर घामाच्या धारा. स्वेटर क्लॉझेटमध्ये गेले ते गेलेच.

मला नोकरीची परवानगी नव्हती. मिलिंद सकाळी गाडी घेऊन जाई आणि मी अपार्टमेंटमध्ये एसीची घरघर ऐकत बसे. मुलगी, रिया, झाल्यावर तिचा स्ट्रोलर ढकलत लायब्ररीपर्यंत जायला लागले, तेव्हा तिथला गुरुवारचा विणकामाचा गट सापडला. तो बार्बरा चालवायची. ती ब्रेस्ट कॅन्सरमधून उठलेली. एक बाजू काढून टाकली आहे, हे तिनं पहिल्याच भेटीत हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं. मी मात्र कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आम्ही किमोनं केस गेलेल्या बायकांसाठी मऊ सुती टोप्या विणायचो. ऑक्टोबर हा तिथे या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, तेव्हा त्याच्या खुणेच्या गुलाबी पट्ट्या विणून लायब्ररीच्या कठड्याला बांधायचो आणि स्वतःची तपासणी कशी करायची याची कार्डं ठेवायचो.

बार्बराच्या आग्रहावरून मी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतही टेबल मांडलं. कमिटीतले एक काका हळूच येऊन म्हणाले, "काम चांगलंय, पण हे गणपतीसमोर नको. जरा साइडला शिफ्ट करू या." टेबल चपलांच्या रॅकपाशी गेलं. बायका चपला काढता काढता कार्ड उचलायच्या आणि न वाचता पर्समध्ये सारायच्या. तरी मला बरं वाटलं. आपल्या हातून काहीतरी होतंय असं वाटलं.

रविवारच्या फोनवर हे सगळं आईला सांगितलं. फोन हॉलमध्ये, बाबा शेजारीच पेपर वाचत असणार. ती नुसती "हो का, हो का" करत राहिली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिनंच विषय काढला. "तू त्या टोप्या विणून राहिली ना, एक इकडे पाठवशील? शेजारच्या बाईंना पाहिजे. त्यांचे केस गेले."

मी माप विचारलं. "माझ्याएवढंच धर," ती म्हणाली. रंग? "साधा. कुठल्याही साडीवर जाईल असा."

बदामी सुताची विणली आणि नागपूरला निघालेल्या एका काकूंबरोबर पाठवली. आईचा निरोप आला, "बरोबर बसली त्यांना. टोचत नाही म्हणाल्या." मी गुरुवारी गटात हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारीण नव्हतीच. गाठ आईला होती, आणि हाताला लागल्यावरही तिनं कितीतरी दिवस ती कुणाला सांगितली नव्हती. घरच्यांना कळलं तेव्हा तिनं सगळ्यांना बजावलं, "पोरीला कळवू नका. तिचा ग्रीन कार्डाचा घोळ चालू आहे, पदरात लहान पोर आहे. तिथे बसून जीवाला घोर लावून घेईल." सगळ्यांनी ऐकलं. दूरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या घरातली रीतच. मिलिंदचा लेऑफ झाला तेव्हा मीही त्याला सुट्टी आहे असंच कळवलं होतं.

मग एक दिवस दादाचा फोन आला, "निघ." पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. वहिनीनं टोपी धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिली. "शेवटपर्यंत हीच घालायच्या," म्हणाली. तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं. मग दोघी रडलो. शेजारणी भेटायला आल्या. सगळ्यांच्या डोक्यावर केस होते.

परत आल्यावर बार्बरानं मला जवळ घेतलं. "यू केप्ट हर वॉर्म, हनी," म्हणाली. आई गेली ती ऐन उन्हाळ्यात, कूलर लावलेल्या खोलीत.

गट अजून चालू आहे, मी जाते, विणते, पण या कामावरचा विश्वास उडालाय. इतक्या अनोळखी बायकांना सांगितलं, आणि जिला कळायला हवं होतं तिला कळूनही उपयोग झाला नाही. गेल्या रविवारी वहिनीला विचारलं, तपासून आलीस का?

"हो गं, कधीच जाऊन आले. सगळं बरं आहे."

कुठल्या डॉक्टरांकडे?

"आहेत एक. थांब, बाबा बोलतात."

बाबा म्हणाले, "आम्ही मजेत. तू तुझी काळजी घे."

तुमच्यातले जे तिकडे राहिले त्यांना, आणि माझ्यासारखे निघून आले त्यांनाही, मी काय सांगणार? रिया या अपार्टमेंटला होम म्हणते, ते तिच्यापुरतं खरं आहे. माझं घर म्हणजे ती माणसं, जी मला कधीच खरं सांगणार नाहीत, कारण त्यांचा माझ्यावर जीव आहे. फोन ठेवला तेव्हा मिलिंदनं विचारलं, कसे आहेत सगळे? मी म्हणाले, बरे आहेत.