डॉक्टरांची पक्कड

पाईक मासा पकडायला मी बारा स्वस्त बकटेल ऑनलाइन मागवली, तीही फक्त रंग बघून. गळावर बांधलेले हरणाच्या शेपटीचे ते रंगीत झुबके पाहून बायको म्हणाली, "छान आहेत, दाराला तोरण कर."

पहिलाच पाईक लागला आणि गळ त्याच्या जबड्यात असा रुतला की निघेना. माझ्याकडे साधी पक्कडही नव्हती.

ब्रिस्टलबाहेरच्या त्या तळ्यावर दर रविवारी भेटणारे एक रिटायर्ड मराठी सर्जन पलीकडून तरातरा आले. एरवी माझ्याशी ते हवामानापलीकडे बोलत नाहीत.

"गळाची उलटी अणी चेपून घेतली नाहीस? म्हणून अडकलाय!" ते ओरडले. मग माशाकडे वळून हळूच म्हणाले, "झालं हं, झालं." परत माझ्यावर: "जिवंत सोडायचाय ना त्याला? मूर्खा!" परत माशाला: "थोडंसंच दुखेल हं."

खिशातल्या पकडीने गळ तोडून त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला. हात थंडीने लाल झाले, तरी कल्ले नीट हलेपर्यंत सोडला नाही.

मग माझा गळांचा डबा ओढून उरलेल्या अकरा बकटेलच्या अण्या चेपत बसले.

"महागातली घ्यायला हवी होती का?" मी विचारलं.

"मीसुद्धा हीच वापरतो!" त्यांनी डबा आपटला. "फक्त आधी पक्कड चालवतो."

"मासा वाचेल ना, डॉक्टर?"

"तो वाचेल आणि शहाणाही होईल. तुझी गॅरंटी मी देत नाही."