शुक्रवारी पाठ केलेलं स्तोत्र

आमची ख्रिस्ती मंडळी भिवंडीत टेमघरला एका भाड्याच्या खोलीत उपासनेसाठी जमते. या मंडळीचे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या दिवसांत घरी अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा पाळकसाहेबांनी स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. त्यामुळे यंदा नाताळाआधी ते उपासनेत म्हणाले, की ज्याला जे जमेल ते त्यानं प्रभूसाठी आणावं, तेव्हा मला गप्प बसवेना. मला गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही. मी मानकोलीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करतो. पण शिकलोय, तेवढं तरी देता येईल असं वाटलं. मंडळीतल्या मुलांकडून बायबलातलं एक अख्खं स्तोत्र पाठ करून घ्यायचं ठरवलं.

त्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ बरी होती. त्या दिवशी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, आईबाप घरी असतात, म्हणून मुलांना धाकटी भावंडं सांभाळावी लागत नाहीत. शिफ्ट संपवून मी थेट खोलीवर जायचो.

"दादा, जोर से बोलूं क्या?" एक मुलगी दर वेळी विचारायची.

"नको. सावकाश, हळू. देवासमोर ओरडायचं नसतं."

काही आठवड्यांत मुलं इतकं गोड म्हणू लागली, की मला रविवार कधी येतो असं झालं.

रविवारी मुलं पुढे उभी राहिली, तोंडं उघडली, आणि मला फक्त शेजारच्या लूमच्या कारखान्याची खटखट ऐकू आली. जन्मापासून हा आवाज कानांत असल्यामुळे तो आम्हाला जाणवतच नाही. उपासनेत मोठी माणसं ढोलकीवर मोठमोठ्यानं गातात, म्हणून तोवर कधी अडलंही नव्हतं. शुक्रवारी आमच्या सरावाच्या वेळी तो आवाजच नसायचा, हे मात्र माझ्या लक्षातच आलं नाही. मुलांचा शब्दही पोचेना. त्यांनी मध्ये श्वास घेतला, तेव्हा संपलं असं समजून पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, मागोमाग सगळी मंडळी. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी हातानं पुढं म्हणा असं खुणावलं. त्यांनी उरलेलं म्हटलं, तोवर बायका पिशव्या आवरत होत्या.

बाहेर एक काकू म्हणाल्या, "छान केलं हो. पोरं नुसती माशासारखी तोंडं हलवत होती."

मी हसलो, पण आतून तळमळत होतो. एवढंसंच तर द्यायचं होतं, तेही धड देता येऊ नये?

घरी जाताना बाबा म्हणाले, "तिसऱ्या ओळीत मधल्या पोरीनं एक शब्द गाळला."

बाबांनी उभं आयुष्य लूमवर काढलंय. त्यांना आता कमी ऐकू येतं.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकायचं कशाला? कारखान्यात आम्ही तोंडाकडं बघूनच बोलायचो. आमेनच्या पुढचं लय चांगलं म्हटलं पोरांनी."

यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. मला सगळ्यांनी ऐकायला हवं होतं, आणि ज्या एकट्यापर्यंत पोचलं त्यानं चूक काढली. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी ओठांतल्या ओठांत प्रभूला तेच सांगितलं. म्हटलं, गाळलेल्या शब्दासकट घे, आणि माझा राग अजून गेलेला नाही, तोही घे. मग डोळे उघडले, तर बाबा माझ्या ओठांकडे बघत होते.