ऑपरेटरची चूक

मी अधिकच्या चिन्हाला शेळ्या मोजायला शिकवलं, चुकीचं शिकवलं, आणि त्यात एका बाईची नोकरी गेली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी माझ्या फजित्या हौसेने सांगणारा माणूस. मेहुण्याच्या लग्नाला जाऊन दुसऱ्याच मांडवात जेवून आलो, आहेरही तिथेच देऊन आलो, हे निम्म्या परभणीला माहीत आहे. हे मात्र नाही. का नाही? थांबा — येतोच तिथे.

पालम तालुक्यातल्या शेळीपालकांची एक छोटी संस्था होती. गावोगावच्या शेळ्यांची नोंद ठेवायची, लसीकरणाची यादी काढायची, असं काम. प्रोग्रॅम मी लिहायचो. माहिती भरायच्या वैशालीताई, संस्थेच्या कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. रोज गंगाखेडहून एसटीने यायच्या आणि मालक, रंग, वय कळायला दात किती ते, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सगळं न कंटाळता भरायच्या. मी त्यांच्या शेजारी बसून प्रतिभा पाजळायचो.

आता गंमत ऐका. कॉम्प्युटरच्या भाषेत अधिक, वजा, बरोबर या चिन्हांनाही ऑपरेटरच म्हणतात. दोन अधिक तीन पाच, हे त्याला येतंच. पण काही भाषांत त्याच चिन्हाला आपण आपला अर्थ शिकवू शकतो. म्हणजे कळप अधिक कळप! हे कळलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या. अहो, शाळेत ज्या चिन्हापायी मी छड्या खाल्ल्या, ते आता माझं ऐकणार होतं! चहावाल्यालासुद्धा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "लय भारी, सर. साखर कमी का नेहमीची?"

एकच शेळी कधी दोन याद्यांत यायची. म्हणून मी अधिकला शिकवलं — दोन्ही याद्या एकत्र कर, आणि आधी घेतलेल्या शेळीसारखीच दुसरी आली तर सोडून दे. मग "बरोबर"लाही शिकवावं लागलं, की दोन शेळ्या सारख्या कधी म्हणायच्या. मालक एक, रंग एक, दात तेवढेच — झाल्या सारख्या! बिल्ल्याचा नंबर? तो यादीत होता. पण बिल्ले काय, कधीही गळून पडतात, असा विचार मी केला. केवढा दूरदर्शीपणा!

आता तुम्ही आमच्याकडच्या शेळ्या पाहिल्या असतील तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल. आमच्याकडे शेळी म्हणजे काळी. एका मालकाच्या दारात तीस असल्या तर तीसही काळ्या. माझ्या प्रोग्रॅमने प्रत्येक घरातली एक दोनदाती ठेवली, एक चारदाती ठेवली, एक सहादाती ठेवली आणि बाकीच्या पुसून टाकल्या. यादी एवढीशी झाली. मला शंका यायला नको? छे! मी सचिवांना म्हणालो, "बघा साहेब, किती दुबार शेळ्या पकडल्या!" त्यांनी पाठ थोपटली. लस तेवढीच मागवली.

लसीकरणाच्या शिबिराच्या सकाळी जिजाबाई नावाच्या धनगर बाई चौतीस शेळ्या हाकत आल्या. यादीत त्यांच्या नावावर तीन.

"तीन?" त्या ओरडल्या. "मग ह्या बाकीच्या काय मी भाड्यानं आणल्या का रे?"

लोक हसले. मग एकेकाने आपापला आकडा विचारला आणि हसू थांबलं. अर्ध्या तासात लस संपली. सचिव माझ्याकडे वळले. "इंजिनिअर, चूक कुणाची?"

आणि मी — सांगायचंच आहे तर सांगतो — मी म्हणालो, "ऑपरेटरची."

खोटं होतं का हे? माझ्या भाषेत चिन्ह म्हणजे ऑपरेटर, चूक चिन्हातच होती. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होतो. पण त्या मैदानात, त्या माणसांत, ऑपरेटर म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं? होतं. शब्द तोंडातून निघायच्या आधी ठाऊक होतं. वैशालीताई चार पावलांवर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आठवड्याने पुन्हा शिबिर झालं, शेळ्यांना लस मिळाली. मी गुपचूप "बरोबर"ला बिल्ल्याचा नंबर बघायला शिकवलं आणि ऑपरेटरची चूक दुरुस्त केली म्हणून सत्काराचा नारळ घेतला. हो, घेतला. महिनाअखेरीस वैशालीताईंना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं गेलं. मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीन बंद होती.

परवा उत्पन्नाचा दाखला काढायला गंगाखेडला ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे वैशालीताई. दुकान त्यांचंच. त्यांनी कागद घेतले, "बसा" म्हणाल्या. माझ्यानंतर आलेले चौघे काम उरकून गेले. मी बाकड्यावर बसून वाक्य जुळवत होतो — वैशालीताई, त्या दिवशी... त्या दिवशी मी... शेवटी त्यांनी हाक मारली. मी उठलो, काउंटरला टेकलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "गर्दी लय असते का हो इथं?"

त्यांनी पावती फाडली, कागदांवर ठेवली आणि ते माझ्यापुढे सरकवले.

"सर, चूक कुणाची होती ते मला तवाच माहीत होतं. आज तरी बोलताल म्हणून तुमचा नंबर मुद्दाम शेवटी ठेवला. घ्या, जावा आता. तुमच्याच्यानं न्हाई व्हायचं ते."