बुधरामची बोट कोणी बुडवली

बुधराम दारू पिऊन मेला नाही. मी त्या बोटीत होती.

आज त्याचं दशगात्र झालं. दहाव्याचं पाणी सुकलं नाही तर यॉटवाल्या कंपनीची फेसबुकवर पोस्ट आली. "ड्रायव्हर नशे में था. रविवार से यॉट सेवा फिर शुरू."
खाली लोकायनं फुलं टाकली, हात जोडले, रिप लिहिलं.

फुलं टाकणाऱ्यांनो, आधी ऐका.

नव्या रायपूरचं ते कारंजे-लायटिंगवालं तळं आधी दोन गावांचे दोन तलाव होते. मधात मातीचा बांध. इकडे त्याले पार म्हणतात. तळं मोठं केलं तवा पार पाण्याखाली गेली.
बुधराम तिथलाच केवट, नाव चालवणारा, मासे धरणारा. वीस वर्षं सायकलवर मासोळी घेऊन समता कॉलनीत माह्या दारात यायचा. मले दाई म्हणे, म्हणजे आई.

पावसाळ्यात मात्र यायचा नाही. एकदा मी भांडली.
"पाहुणे आले ना रे! दोन रोहू आणून दे चुपचाप."
"अभी मछरी के पेट म अंडा हे, दाई. नइ मारंव."
"मग पाहुण्यायले काय तुह्या गोष्टी वाढू?"
हासला. पण आणली नाही ते नाहीच आणली.

मग तळ्यावर जाळं टाकाले बंदी आली आणि यॉट आली.
पोस्टरवर ईको टुरिझम. पाण्यावर डिझेलचा तवंग. डीजे असा, की थंडीत उतरणारे पक्षी सोडा, एक बगळा थांबत नाही.
आणि यॉट कायची! खाली साधी बोट, वर एक मजला चढवला, सोफे टाकले, पांढरा रंग मारला. बुधरामले चालवाले ठेवलं, पांढरी टोपी घातली.

"काय रे कप्तान!" मी चिडवलं.
"बोझा ऊपर म हे, दाई. डोंगा ये बात ल नइ मानय."
वजन वर गेलं तर नाव ऐकत नाही. हे त्यानं मॅनेजरलेही सांगितलं होतं. सूट-बूटवाल्यानं टोपीवाल्याचं काहून ऐकावं?

माह्या पंचाहत्तरीले पोरानं तीच बोट बुक केली. सुना, जावई, व्याही, नातवंडं, वरून फुगे, केक, झालरी, एक फोटोवाला.

बुधराम माणसं मोजत नव्हता. सगळे बसले की वाकायचा आणि बोटीच्या काठापासून पाण्यापर्यंत पंजा पसरून पाहायचा. पूर्ण एक वीत कोरडं लाकूड दिसलं तरच निघायचा. त्याचा बापही तसाच पाहायचा म्हणे.
त्या दिवशी वीत भरली नाही.

"दाई, आठ झन ल उतारव."
आठ लोक उतरवा.

मॅनेजर ओरडला, "फॅमिली बुकिंग है! चल, नखरे मत कर!"
सुनील, माहा पोरगा, म्हणे, "भैया, माँ का बर्थडे है, मूड मत खराब करो."
लाइफ जॅकेट मागितले तर मॅनेजर म्हणे फोटोत चांगले दिसत नाही, सोफ्याखाली आहेत. सोफ्याच्या पेटीले कुलूप.

बुधराम माह्याकडे पाहत होता. या सगळ्यायमध्ये माहाच शब्द चालते हे त्याले माहीत होतं.

मी म्हटलं, "चल ना रे आता. काय होते?"

मी म्हटलं. लपवत नाही.

मधोमध गेलो तर फोटोवाला ओरडला, "सब लोग इस साइड!" झाले ना सगळे गोळा एका बाजूले. बुधराम ओरडून राहिला, "बीच म बइठव! बीच म!" डीजेत कोणाले ऐकू येते?

बोट कलली. पाणी आत आलं. फोटोवाला सरळ तळ्यात.

तवा बुधरामनं किनारा धरला नाही. किनारा दूर होता. त्यानं बोट डावीकडे वळवली, जिथं काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी. मले वाटलं येडा झाला. आणि बोट खालून घासली, थांबली.
ते जुनी पार होती. त्याच्या गावची. इंजिनियरच्या नकाशात नसन, त्याच्या डोक्यात होती.

"डर मत दाई, नीचे पार हे. खड़े हो जा."

मले पाठीवर घेऊन उतरवलं. लेकरं उतरवली. सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे, रडून राहिले, पण उभे.

मग तो फोटोवाल्यासाठी पोहत परत गेला. त्याले पारेकडे ढकललं. स्वतःचे पाय पाण्यात पडलेल्या आमच्या वाढदिवसाच्या झालरीत अडकले.

वर आला नाही.

आता म्हणतात नशेत होता.

मी त्याच्या पाठीवर होती. माहं तोंड त्याच्या तोंडापाशी. घामाचा वास होता, दाताले लावायच्या गुडाखूचा होता. दारूचा नव्हता. माह्या नवऱ्यानं चाळीस वर्षं पिली. मले वास शिकवू नका.

सुनील मघापासून मागं लागला आहे. "माँ, पोस्ट मत डालो, बात बढ़ेगी."
वाढू दे ना बाप्पा. तू उभा आहे म्हणून बोलून राहिला.

फोटोवाले भाऊ, तुम्हीही उभे आहात. तुमचा कॅमेरा भिजला म्हणता. जीभ तर नाही भिजली?
आणि बोटीत होते ते सगळे माह्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. रिप लिहू नका. त्यानं किती जणायले उतरवा म्हटलं होतं, ते लिहा. नाहीतर रविवारी दुसऱ्याचे लेकरं त्याच बोटीत बसतीन.

मी उद्या पोलीस ठाण्यात जाऊन राहिली. तिकडे बस मिळत नाही, तर ऑटो करीन. तो शुद्धीत होता हे सांगीन. मॅनेजर काय बोलला ते सांगीन. आणि "चल ना रे" कोण म्हटलं, तेही माह्या नावासकट लिहून घ्या म्हणीन. खाली सही करीन.

बुधराम, राम राम घे बाबा.
माफी मागत नाही. बयान देते.