लढवय्याचे तीन फुटाणे

शब्बाथला आमच्या घरात पेन्सिलीला हात लावायची सोय नव्हती. लिहिणं म्हणजे काम, आणि शनिवारी काम नाही. बाबांचा हा कायदा मुंबईहून इस्राएलातल्या अश्दोदला जसाच्या तसा आला होता. आणि आमचा खेळ तर सगळा लिहिण्याचा. दादा यरुशलेमला शिकायचा, तिथून त्यानं एका इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स आणली होती. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगायचा दादाचा मित्र. दादा चोर, शेजारची मैत्रीण जादूगारीण, मी लढवय्या.

एरवी आम्ही शब्बाथ संपल्यावर कागदावर खेळायचो; त्या शनिवारी दिवसाच खेळायचं ठरलं, पण लिहिता येत नाही म्हणून मी तोड काढली. ज्याला जितकी कसबं, तितके फुटाणे त्याच्यापुढे. मांडून बघते तर दादापुढे ढीग: कुलूप उघडणं, भिंत चढणं, लपणं, कानोसा घेणं. बोलता बोलता त्यातलं एक कसब त्यानं खाऊनही टाकलं. माझ्यापुढे तीन. कागदावर इतके महिने कुणाला दिसलं नव्हतं, ते टेबलावर ढळढळीत दिसलं. मारामारी नसली की मी तास तास तोंड शिवून का बसते, ते मला तेव्हा कळलं. माझं डोकंच फिरलं.

"हा कुठला न्याय?" मी म्हटलं.

"नियमच आहे तसा," मित्र हिब्रूत म्हणाला. "कंटाळा येत असेल तर वैदू हो. नाहीतर आत जाऊन आईला मदत कर."

हे मला, जी आठवडाभर कारखान्यात पुरुषांच्या बरोबरीनं मशीन चालवायची. मी तिथेच सांगितलं, प्रत्येकाला दहा फुटाणे. आपल्या धंद्यातलं कसब एका फुटाण्याला, दुसऱ्याच्या धंद्यातलं दोन फुटाण्यांना.

"मग चोराला कोण विचारणार?" दादा कुरकुरला.

"कुलूप तुला एकात, मला दोनात. तुझं शिकत बसले तर माझं स्वतःचं राहून जाईल. चोर तूच रे, पण मला तोंड उघडू दे."

मित्रानं अट घातली: पुढच्या शनिवारी एकच डाव. खेळ बिघडला, तर लढवय्या सोडून मी मुकाट वैदू व्हायचं.

त्या डावात दादाचा चोर पुलाखालून निसटायला गेला आणि पकडला गेला. राखणदारानं त्याला दोरानं नदीवर उलटा टांगला. मी तलवार उपसली असती, तर राखणदारानं दोर सोडलाच असता आणि चोर नदीत. पण मी दोन फुटाणे मोजून मन वळवायचं कसब घेतलं होतं. बाजारात आई मासळीवाल्याशी घासाघीस करते तशी मी सुरू झाले. "याला ठेवून काय करशील? खायला काळ आणि भुईला भार. पोसणार कोण, तू?" मैत्रीण हसून हसून वाकली. मग वीस बाजूंचा फासा टाकला. पंधरा हवे होते, पडले सतरा. राखणदारानं चोर सोडला, वर वाटेसाठी भाकरी दिली. मी खुर्चीवरून उठून नाचले, लाज कसली त्यात.

नाच संपतो न संपतो तोच मैत्रिणीनं विचारलं, "माझ्या जादूगारणीला तलवार शिकायचीय. किती पडेल?"

मित्रानं सवयीनं झेरॉक्स उघडली, दोन पानं चाळली, मिटून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"दोन," मी म्हटलं.