माझ्या फाइलमधली मुलगी

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई हसता हसता थांबल्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तोवर आमची मैफल छान रंगली होती. बेचाळिसाव्या वर्षी दिवस गेलेली बाई म्हणजे कोथरूडमध्ये फुकटचा कार्यक्रम असतो, आणि मी तो मोठ्या हौसेने सादर करत होते. दहावीतल्या मुलाने बातमी ऐकून दार कसं आपटलं, नवऱ्याने बोटांवर आपल्या निवृत्तीचं वर्ष कसं मोजलं आणि मग बोटं कशी लपवली. बाई हसत होत्या. मग थांबल्या. पोटावरून यंत्र पुन्हा फिरवलं, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि म्हणाल्या, "हार्टबीट दिसत नाहीये."

मी विचारलं, "कुणाची?"

कुणाला हसू आलं तर मला चालेल. पण मला तेव्हा खरोखर कळलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेला शब्द होता मिस्ड मिसकॅरेज. म्हणजे बाळाची वाढ थांबलेली असते, पण शरीराला त्याचा पत्ताच नसतो. रक्तस्राव नाही, कळा नाहीत, उलट मळमळ चालूच. पंगत उठून गेली तरी वाढपी जिलबीचं ताट घेऊन फिरतो आहे, तसं माझं शरीर फिरत होतं. तिसरा महिना नुकताच संपला होता. यात तुमची काही चूक नाही, असं बाईंनी मला दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

लगेच ॲडमिट झाले. आधी गोळ्या, मग भूल देऊन इव्हॅक्युएशन. आपल्याकडे सगळे त्याला क्युरेटिंग म्हणतात, म्हणजे गर्भाशयाची पिशवी साफ करणं. गोळ्यांनी कळा सुरू झाल्या आणि माझी वाचा बसली. घरच्यांच्या मते सगळ्या आजारपणातलं हेच लक्षण सर्वांत गंभीर होतं. माझा नवरा मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. शेजारी स्टुलावर सासूबाई होत्या. मी त्यांना आई म्हणते.

एक रेसिडेंट डॉक्टर कागद घेऊन आला. रेसिडेंट म्हणजे दवाखान्यात काम करता करता पुढचं शिकणारा तरुण डॉक्टर. तो प्रश्न विचारत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नातेवाइकाने देण्याची आपली रीतच आहे, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आईंचा आवाज येत होता. शब्द मात्र माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते. एवढंच आठवतं, की एका ठिकाणी त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि मला वाटलं होतं, माझ्या थायरॉइडवर इतकं काय बोलण्यासारखं आहे.

घरी जाताना डिस्चार्ज समरी मिळते, म्हणजे काय झालं आणि काय केलं याचा सारांश. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा कागद दवाखान्याच्या दारातच उभं राहून वाचा. आम्ही तो पिशवीत घातला, पिशवी कपाटात घातली आणि कपाट बंद केलं. त्या दिवसांत आमच्या घरात सगळंच बंद करून ठेवायची लाट होती.

पुढे इन्शुरन्ससाठी मिलिंदने तो बाहेर काढला. वाचता वाचता पलंगाच्या कडेला बसला.

"सुजाता, ही कोण?"

"कोण ही?"

"तुझ्या फाइलमध्ये आहे."

आमच्या घरात कुंडली मांडत नाहीत, पण दवाखान्यात प्रत्येक बाईची एक मांडतातच. जी, पी, एल. जी म्हणजे किती वेळा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे किती मुलं हयात आहेत. माझी असायला हवी होती जी टू, पी वन, एल वन. दोनदा दिवस गेले, एक बाळंतपण, एक मुलगा, तो दार आपटणारा. कागदावर होतं जी थ्री, पी टू, एल वन. आणि खाली एक ओळ: प्रीव्हियस स्टिलबर्थ, सेव्हन मंथ्स, फीमेल. स्टिलबर्थ म्हणजे बाळ पोटातच जाणं आणि तसंच जन्माला येणं. म्हणजे मला आधी सात महिन्यांची एक मुलगी झाली होती आणि ती गेली होती. ही बातमी मलाच नवीन होती.

मिलिंद मला कॉलेजपासून ओळखतो. माझ्या कुठल्या दाढेला टोपी आहे हेसुद्धा त्याला ठाऊक आहे. मधले सात महिने हरवतील अशी जागाच आमच्या ओळखीत नाही. तरीही तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे, लग्नाच्या आधी वगैरे..." मी त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य त्याने गिळलं. पण खरं सांगते, नंतर मी एकटीच बसून आठवायला लागले. भुलीत माणूस विसरतो म्हणतात. एक अख्खी मुलगी विसरतो का?

मग वाटलं, फाइलींची अदलाबदल झाली असेल. पुण्यात कुठेतरी एक बाई असेल, जिची मुलगी माझ्याकडे आली आहे. मग माझा दहावीतला मुलगा तिच्याकडे गेला असेल. या विचाराने मला क्षणभर बरंही वाटलं.

तपासणीला गेले तर आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडम रजेवर होत्या. बदली डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी आहे तुमची." म्हणजे याआधीच्या गरोदरपणांचा इतिहास वाईट आहे. मग रक्त गोठण्याच्या दोषांच्या तपासण्या लिहिल्या. मी म्हटलं, ती मुलगी माझी नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बऱ्याच जणींना आधीचं बोलायला जड जातं," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मी जितकं नाही म्हणत होते, तितक्या त्या अधिक मायाळू होत होत्या. एका बाईने खरं बोलायचं तरी किती मोठ्याने.

खरं तर मला एवढंच हवं होतं. माझं एक गेलं होतं. तीन महिन्यांचं, नाव नसलेलं, एक. ते एक मला नीट मोजलेलं हवं होतं, कुणा दुसऱ्याच्या बेरजेत नको होतं. त्याखातर मी मेडिकल रेकॉर्ड विभागात गेले, म्हणजे जिथे जुन्या फाइली ठेवतात तिथे. तो तळघरात होता, पार्किंगला लागून. खिडकीमागच्या गृहस्थांनी माझं नाव टाकून स्क्रीन पाहिली.

"कॉम्प्युटरमध्ये बरोबर आहे," ते म्हणाले.

"ते चुकीचं आहे."

"चुकीचं असतं तर कॉम्प्युटरमध्ये कशाला असतं?"

मग त्यांनी पुरावा मागितला. मुलगी झाली याचा पुरावा देता येतो, झाली नाही याचा कुठून आणायचा? मी रेशन कार्ड दाखवलं. ते म्हणाले, रेशन कार्डावर गेलेल्यांची नावं नसतात. इतकं बिनतोड बोलणं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मला ते गृहस्थ आवडायला लागले.

अर्ज केला, ओळखपत्राची झेरॉक्स जोडली, पोच घेतली. पोच घ्याच, नाहीतर पुढच्या खेपेला तुम्ही कधी आलाच नव्हता असं ठरतं. दोनतीन खेपांनंतर त्यांनी मूळ हाताने लिहिलेला कागद काढून आणला. कॉम्प्युटरमधलं सगळं त्यावरूनच उतरवलेलं होतं. त्याच्या डोक्यावर, डॉक्टरी अक्षराच्या मानाने स्वच्छ, लिहिलेलं होतं: हिस्टरी गिव्हन बाय मदर-इन-लॉ. माहिती देणार, सासू.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि दोन शेंगा उचलल्या.

"आई, तुम्ही त्या डॉक्टरांना माझं काय काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुझं जेवण, झोप, ती थायरॉइडची गोळी."

"आणि सात महिन्यांची मुलगी?"

त्यांचा हात शेंगेतच थांबला.

"ते तुझं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते माझं सांगितलं."

मग त्या हळूहळू बोलल्या. खडकीच्या क्वार्टरमध्ये होत्या तेव्हा. माझे सासरे फॅक्टरीत नवे लागले होते, आई विशीच्या आतबाहेर. सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. दवाखान्यात झालं. मुलगी आहे एवढं कानावर आलं, पण कुणी दाखवली नाही. पाहिलंस तर लागून राहील, असं म्हणाले. कापडात गुंडाळून दोघे जण घेऊन गेले. घरी आल्यावर त्यांच्यासमोर कुणीच तो विषय काढला नाही, सासऱ्यांनी तर जन्मात नाही. पुढे मिलिंद झाला, मग माझी नणंद. लोक मुलं किती विचारायचे, त्या दोन सांगायच्या.

"त्या पोराने विचारलं, घरात आधी कुणाचं असं झालं होतं का," आई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग सांगितलं. त्याने लिहूनसुद्धा घेतलं."

मिलिंद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस घरातला थोरला म्हणून मिरवत होता. तो खाली बसून मटार सोलायला लागला. त्याला मटार सोलता येत नाही. दाणे घरभर पळाले आणि कुणी उचलले नाहीत.

आता सगळा घोळ उलगडला होता. रेसिडेंटने घरातल्यांची माहिती विचारली आणि उत्तर पेशंटच्या रकान्यात लिहिलं. दुरुस्ती सोपी होती. माहिती देणाऱ्या व्यक्तीने येऊन ती पेशंटची नाही एवढं सांगायचं. पण मला मात्र ती एकदम सोपी वाटेना. ती मुलगी जगात एकाच कागदावर होती, आणि तिथून तिला काढायचा अर्ज मी केला होता. मी आईंना म्हटलं, राहू द्या, माझं काही अडत नाही. त्या उठल्या आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

डॉक्टर मॅडम रजेवरून परतल्या होत्या. त्यांच्या शेजारी तो रेसिडेंट उभा होता, कान लाल करून. मॅडम त्याला काही बोलल्याचं मी ऐकलं नाही, पण कानांवरून अंदाज आला. त्यांनी मला समजावून सांगितलं की मेडिकल रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकीच्या ओळीवरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. त्यांनी तसं केलं. मग कॉम्प्युटरमध्येही बदललं. जी टू, पी वन, एल वन, आणि आता ए वन. ए म्हणजे मधेच गेलेलं. माझं एक. मी ते दोनदा वाचलं.

आई वाकून ती रेघ बघत होत्या.

"हिच्यातून काढली," त्या म्हणाल्या. "मग माझी कुठे लिहिणार?"

मॅडमना आधी कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आजी, सुनेच्या फाइलमध्ये सासूची हिस्टरी येत नाही. त्याला रक्ताचं नातं लागतं."

"तिचं माझं होतं की," आई म्हणाल्या.

मॅडमनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि रेसिडेंटला सांगितलं, "आजींचा नवीन केसपेपर कर. त्यांच्या नावाने."

तो खाली जाऊन केसपेपर घेऊन आला. मॅडमनी स्वतः लिहायला घेतलं. तक्रार काय, असं विचारल्यावर आई म्हणाल्या, काही नाही. मॅडमनी तेच लिहिलं. वय विचारलं, तेव्हा सवयीने मी तोंड उघडलं, तर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या."

"किती वेळा दिवस गेले होते, आजी?"

"तीनदा."

"मुलं किती?"

आईंनी पदर सारखा केला. "तीन," त्या म्हणाल्या. "दोन आहेत."

मॅडमनी जी थ्री, पी थ्री, एल टू लिहिलं आणि पहिलं कसं, कुठे, कितव्या महिन्यात, सगळं विचारून घेतलं. त्याच्यासमोर मुलगी असं लिहिलं. मग आता कागद काढलाच आहे तर बघू या म्हणून हाताला पट्टा बांधला, आणि रक्तदाब इतका निघाला की आम्हाला तिथूनच दुसऱ्या विभागात पाठवलं. फाइल उघडली की आजार निघतोच, असं मिलिंद म्हणतो. मी म्हणते, बरं झालं निघाला.

माझं दुखणं अजून पुरतं संपलेलं नाही. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आलं की मी रस्ता ओलांडते, आणि पलीकडेही तसंच एक दुकान असतं. पण माझं काय गेलं आणि किती गेलं, याबद्दल आता कागदाचं आणि माझं एकमत आहे. तेवढ्यानेही पाय जमिनीला लागतात. तुमच्या कागदात काही चुकलं असेल तर लाजू नका, जाऊन बदलून घ्या. मात्र ते कुठून आलं, हेही एकदा घरी विचारा. आणि रकाना चुकलेल्या त्या लाल कानांच्या डॉक्टरचं भलं होवो. त्याने निदान ऐकून तरी घेतलं.

आई आता दर महिन्याला रक्तदाब तपासायला जातात. दर वेळी नवा रेसिडेंट असतो, आणि त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. मी बाहेरच्या बाकावर गप्प बसते. आतून त्याचा प्रश्न ऐकू येतो, मग आईंचा आवाज, शांत, घाई नसलेला. त्या पहिल्या मुलीपासून सुरुवात करतात.