हवा हालते

बालाघाटला कोर्टासमोर चष्म्याचं दुकान चालवणारे काका सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, “पयले बरं होतं, का आता बरं हाय?” काच बदलताना विचारतात, चहात साखर टाकल्यावरही विचारतात.

त्यांची मुलगी परदेशात मोठ्या दुर्बिणीवर काम करते. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांच्या एकाच पुंजक्याचे तिनं पाठवलेले दोन फोटो अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलेत. पहिल्यात नुसता पांढरा डाग आहे, दुसऱ्यात सुटे तारे.

“तारे तेच हायेत. मधातली हवा हालते म्हणून डाग दिसते. पोरीच्या दुर्बिणीतला आरसा हवेसंग आकार बदलते, मंग अलग-अलग दिसते.”

हे ऐकून झालं की नवा चष्मा लावून दुसऱ्या फोटोतले तारे मोजावे लागतात.

परवा मी चौदा मोजले.

“चौदावा कुठी हाय?”

मी बोट ठेवलं. काकांनी माझा चष्मा काढून स्वतःला लावला आणि नाक टेकेपर्यंत फोटोवर वाकले. बोटानं एकेक तारा मोजत तेरावर अडले.

“पयले बरं होतं, का आता बरं हाय?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसून परत दिला.

“हवा हालून राह्यली,” ते म्हणाले.

दुकानातला पंखा बंद होता.